नऊशे अल्बममधला एक सॅक्सोफोन

1972 साली जेम्स टेलरचं ‘डोन्ट लेट मी बी लोनली टुनाइट’ हे गाणं आलं. गाणं संथ, हळवं. मध्येच टेनर सॅक्सोफोन येतो, थोडं बोलतो आणि बाजूला होतो. वाजवणारा तेवीस वर्षांचा होता. त्यानंतर न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमधून त्याला जी बोलावणी येऊ लागली, ती कित्येक वर्षं थांबलीच नाहीत. पॉल सायमन, जोनी मिशेल, स्टीली डॅन, फ्रँक झप्पा, फ्रँक सिनाट्रा, डायर स्ट्रेट्स. एकमेकांशी काडीचंही साम्य नसलेल्या या मंडळींच्या अल्बमांवर मायकेल ब्रेकरने वाजवलं आहे. असे अल्बम 900 च्या घरात आहेत, असं सांगतात. इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या बहुतेकांच्या कानांवरून तो गेलेला असतो. नाव मात्र क्वचितच कुणाला सांगता येतं.

आपल्याला यात नवल वाटू नये. ‘रूप तेरा मस्ताना’मधला सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा, हे ते गाणं गुणगुणणाऱ्या किती जणांना माहीत असतं? ब्रेकरला अल्बमच्या वेष्टणावर श्रेय तरी मिळत होतं.

मायकेलचा जन्म 29 मार्च 1949 चा, फिलाडेल्फियाचा. वडील पेशाने वकील, पण जॅझ पियानो वाजवणारे, त्यामुळे घरात गाण्याबजावण्याचा राबता. थोरला भाऊ रँडी ट्रम्पेटकडे गेला. मायकेलने आधी क्लॅरिनेट हाती घेतली, मग आल्टो सॅक्सोफोन. शाळेत असतानाच त्याने जॉन कोल्ट्रेन ऐकला आणि टेनरवर येऊन ठेपला तो कायमचा. पुढे दोघे भाऊ न्यूयॉर्कमध्ये एकत्र आले. ‘ड्रीम्स’ हा बँड, होरेस सिल्व्हरची साथ आणि 1975 पासून स्वतःचा ‘ब्रेकर ब्रदर्स’. फंक आणि जॅझ यांची त्यांनी घातलेली सांगड आजही अंगावर येते. ‘सम स्कंक फंक’ची सुरावट वाजवायला घेणाऱ्यांची बोटं अजूनही अडखळतात.

स्टुडिओचं काम मात्र वेगळ्याच जातीचं. वादक पोहोचतो तेव्हा गाणं बरंचसं तयार असतं. कानांवर हेडफोन चढतात, गायकाचा आवाज ऐकू येतो आणि मध्ये आठ-दहा मात्रागटांची जागा मोकळी सोडलेली असते. तेवढ्यात सुरुवात, चढण आणि शेवट सगळं बसवायचं; शिवाय पुढची ओळ गायकाला सहज उचलता यायला हवी. पॉल सायमनच्या 1975 सालच्या ‘स्टिल क्रेझी आफ्टर ऑल दीज इयर्स’मधला ब्रेकरचा तुकडा या कलेचा नमुना म्हणून ऐकावा. शब्दांनी जे राखून ठेवलेलं असतं ते सॅक्सोफोन बोलून टाकतो, आणि गाणं पुन्हा गायकाच्या हवाली करतो. अशा कामाने कलावंताची धार बोथट होते, असं जॅझमधले कर्मठ लोक म्हणत आले आहेत. ब्रेकरच्या बाबतीत मला ते मुळीच पटत नाही. थोडक्यात बोलायला शिकलेला माणूस पुढे वीस-वीस मिनिटं वाजवू लागला, तरी त्याच्या लांबणीत पाल्हाळ नव्हता.

त्याच्या हुकमतीचं थोडं तांत्रिक अंग. टेनर सॅक्सोफोनचा नेहमीचा पल्ला जेमतेम अडीच सप्तकांचा. ओठांचा दाब, घशाची ठेवण आणि निराळी बोटं यांच्या बळावर त्याच्याही वर जाता येतं, पण तिथे सूर निसटू पाहतो. ब्रेकर त्या उंचीवर खालच्या सप्तकाइतकाच निवांत असे. एकच सूर वेगवेगळ्या बोटांनी घेऊन त्याचा रंग बदलायचा, एका फुंकरीत दोन सूर एकदम उमटवायचे, ही कोल्ट्रेनच्या पिढीने शोधलेली हत्यारं त्याने इतकी घोटली की ती त्याच्या रोजच्या बोलण्यात आली.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने हेरॉइनच्या व्यसनातून स्वतःची सुटका करून घेतली. नंतर इतर वादकांनाही त्यातून बाहेर पडायला हात दिला. स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम त्याने काढला तो 1987 मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. साथीला पॅट मेथेनी, केनी कर्कलंड, चार्ली हेडन आणि जॅक डिजोनेट. एवढं नाव कमावलेल्या वादकाने इतका उशीर का करावा, हा प्रश्न तेव्हाच्या रसिकांना पडलाच असेल.

याच काळात त्याच्या हाती एक अजब वाद्य आलं. नाइल स्टाइनर या ट्रम्पेटवादकाने घडवलेल्या आणि पुढे अकाई कंपनीने बाजारात आणलेल्या या इलेक्ट्रॉनिक वाद्याला ‘ईवी’ म्हणतात. फुंकर मोजणारा संवेदक, दाबाव्या न लागणाऱ्या, नुसत्या स्पर्शाने चालणाऱ्या कळा आणि अंगठ्याखालच्या छोट्या रुळांवर आठ सप्तकं. आवाज मात्र सिंथेसायझरचा. अनेकांनी त्याचं खेळणं केलं. ब्रेकरने ‘स्टेप्स अहेड’ या गटात एलिंग्टनची ‘इन अ सेंटिमेंटल मूड’ त्यावर एकट्याने उभी केली. सूर एकावर एक रचत जाताना यंत्रातून श्वास ऐकू येतो.

पण एकच ध्वनिमुद्रण निवडायचं तर मी 2001 मध्ये टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये वाजवलेलं ‘नाइमा’ निवडेन. कोल्ट्रेनची रचना, आणि साथ कुणाचीच नाही. पियानोने दाखवायचे स्वरसंघ तो एकेका सुराने मोडून, पसरून ऐकवतो आणि मूळ धून मध्येच ओळख देऊन जाते.

2004 मध्ये जपानमधल्या माउंट फुजी महोत्सवात वाजवताना त्याच्या पाठीत तीव्र कळ आली. पुढे निदान झालं ते अस्थिमज्जेच्या गंभीर विकाराचं. मज्जा जुळणारा दाता मिळावा म्हणून कुटुंबाने जाहीर आवाहन केलं, जॅझ महोत्सवांमध्ये दात्यांच्या नोंदणीची टेबलं लागली. पूर्ण जुळणारा कुणी सापडला नाही. मुलीच्या पेशी अर्ध्या जुळत होत्या. त्या वापरून प्रायोगिक प्रत्यारोपण झालं, पण आजार हटला नाही.

ऑगस्ट 2006 मध्ये तो पुन्हा स्टुडिओत आला. पियानोवर आळीपाळीने हर्बी हॅनकॉक आणि ब्रॅड मेल्डाउ, गिटारवर मेथेनी, बासवर जॉन पॅटिटुची, ड्रम्सवर डिजोनेट. नऊच्या नऊ रचना त्याच्या स्वतःच्या. असा अल्बम त्याने याआधी कधी केला नव्हता. ऐकताना आजारपणाची खूण शोधूनही सापडत नाही. उलट ‘अनाग्राम’मध्ये तर तो चक्क उधळलेला आहे. 13 जानेवारी 2007 रोजी न्यूयॉर्कमध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी ब्रेकर गेला. ‘पिलग्रिमेज’ हा तो अल्बम त्याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि त्याने दोन ग्रॅमी मिळवली, त्यातलं एक ‘अनाग्राम’मधल्या सोलोसाठी. त्याच्या एकूण ग्रॅमींची संख्या त्यामुळे 15 झाली.