प्रश्न दहाव्या अणुभट्टीचा

कारवारहून आत, काळी नदीच्या काठच्या जंगलात कैगा अणुवीज प्रकल्प आहे. तिथली पहिली भट्टी ३१ डिसेंबर २०१८ रोजी देखभालीसाठी थांबवली, तेव्हा ती सलग ९६२ दिवस चाललेली होती. त्या वेळचा तो जागतिक विक्रम होता. ही भट्टी २२० मेगावॉटची. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था ३०० मेगावॉटपर्यंतच्या भट्टीला ‘छोटी’ म्हणते. म्हणजे ज्या आकाराचा आज जगभर एवढा गाजावाजा चालू आहे, त्या आकाराच्या भट्ट्या आपण पन्नास वर्षांपासून बांधतो आहोत, चालवतोही आहोत.

मग छोट्या मॉड्युलर अणुभट्टीत, म्हणजे ‘एसएमआर’मध्ये, नवं काय? नवी आहे ती बांधायची रीत. कैगाची भट्टी जागेवर उभी राहिली. काँक्रीट, पाइप, वेल्डिंग, तपासणी, सगळं तिथेच. एसएमआरचे मोठमोठे भाग कारखान्यात तयार व्हायचे, तिथेच तपासले जायचे, ट्रेलरवरून किंवा जहाजातून यायचे आणि जागेवर फक्त जोडले जायचे. तोच आराखडा, तोच पुरवठादार, तेच कामगार. पुढच्या जागी पुन्हा तेच. सारी भिस्त या ‘पुन्हा’वर आहे.

कारण लहान आकार मुळात महाग पडतो. अभियंत्यांचा जुना ठोकताळा असा, की यंत्राची क्षमता पाचपट केली तर खर्च पाचपट होत नाही, साधारण अडीच-पावणेतीनपट होतो. हेच उलट वाचा: हजार मेगावॉटऐवजी दोनशेची भट्टी बांधली तर खर्च एक पंचमांशावर येत नाही, चाळीस टक्क्यांच्या आसपास अडकतो. दर मेगावॉटमागे जवळजवळ दुप्पट. पहारेकरी, नियंत्रण कक्ष, परवान्याची कागदपत्रं यांचा खर्च तर आकाराबरोबर फारसा घटतच नाही. हा तोटा भरून निघायचा तर एकाच नमुन्याच्या भट्ट्या एकामागून एक निघाल्या पाहिजेत. पहिली भट्टी कुणीही हौसेने बांधेल. हिशेब जुळतो की नाही, ते दहावी सांगेल.

लहान असण्याचा खरा फायदा सुरक्षिततेत आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. अणुभट्टीतली साखळी प्रक्रिया थांबवली तरी उष्णता थांबत नाही. विखंडनातून तयार झालेली किरणोत्सारी द्रव्यं तापतच राहतात. बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता मूळ औष्णिक क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, दिवसभराने अर्ध्या टक्क्यावर येते. हजार मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीत उष्णता तीन हजार मेगावॉटची असते. म्हणजे बंद केल्यावरही सुरुवातीला दोनशे मेगावॉट उष्णता बाहेर काढत राहावी लागते. ११ मार्च २०११ ला फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंप होताच ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. घात झाला तो नंतर, त्सुनामीचं पाणी डिझेल जनित्रांत शिरून पंप थांबल्यामुळे. ५५ मेगावॉटच्या भट्टीत हाच आकडा बारा-तेरा मेगावॉटवर येतो. एवढी उष्णता तापलेलं पाणी वर आणि थंड पाणी खाली या साध्या अभिसरणाने, पंपाविना, काढता येईल अशी रचना करता येते. अमेरिकी नियामकाने न्यूस्केल कंपनीच्या भट्टीसाठी आणीबाणीचं नियोजनक्षेत्र प्रकल्पाच्या कुंपणापर्यंतच ठेवण्याची पद्धत मान्य केली, ती या भरवशावर.

पण याच न्यूस्केलचं पुढे काय झालं तेही पाहा. आयडाहोमध्ये ७७ मेगावॉटच्या सहा भट्ट्या उभ्या राहणार होत्या, यूटा आणि आसपासच्या नगरपालिकांच्या वीजसंघासाठी. विजेचा अपेक्षित दर मेगावॉट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ डॉलरवर गेला, तोही सरकारी सवलत धरून. गावं बिचकली, पुरेशी मागणी नोंदलीच गेली नाही आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. चीनने शानडोंगमधल्या शिदाओ खाडीवर वायूने थंड होणारी २१० मेगावॉटची जोडभट्टी उभी केली. काम २०१२ मध्ये सुरू झालं, व्यापारी उत्पादन २०२३ च्या डिसेंबरात. रशियाचा तरंगता प्रकल्प ‘अकादेमिक लोमोनोसोव्ह’ २०२० पासून पेवेक या आर्क्टिक बंदराला वीज देतो आहे. जिथे डिझेल पोचवणंच सोन्याच्या भावाचं, तिथे महाग वीजही परवडते.

माझं लक्ष मात्र कॅनडातल्या डार्लिंग्टनकडे आहे. तिथे ३०० मेगावॉटच्या चार भट्ट्यांना २०२५ मध्ये एकदमच मान्यता मिळाली. पहिलीचा अंदाज ६१० कोटी कॅनेडियन डॉलर, शिवाय सामाईक सोयींचे १६० कोटी. चारही मिळून मात्र २,०९० कोटी. म्हणजे उरलेल्या तीन सरासरी ४४० कोटींत. पहिलीनंतर खर्च इतका उतरेल असं ठरवूनच मान्यता दिलेली आहे. ते खरं ठरतं का, हे या दशकाच्या अखेरीला कळू लागेल.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात यासाठी २०,००० कोटींचं अणुऊर्जा अभियान जाहीर झालं. २०३३ पर्यंत स्वदेशी बनावटीच्या किमान पाच छोट्या भट्ट्या चालू करायच्या आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्र २०० आणि ५५ मेगावॉटच्या दोन नमुन्यांवर काम करतं आहे आणि दोन्हींची पहिली भट्टी तारापूरला प्रस्तावित आहे. मंजुरीनंतर बांधकामाला पाच-सहा वर्षं धरली आहेत. कॅलेंडर काढून बसलं की २०३३ किती जवळ आहे ते दिसतं.

तारापूर ही जागा सोयीची आहे आणि बोलकीही. १९६९ मध्ये तिथे सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकी बनावटीच्या, समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर इंधनपुरवठा अडला, पुढे फ्रान्स मदतीला आला. त्या अनुभवातून आपण जड पाणी आणि नैसर्गिक युरेनियमच्या स्वावलंबी वाटेवर टिकून राहिलो. नव्या २०० मेगावॉटच्या भट्टीला पुन्हा किंचित समृद्ध केलेलं युरेनियम लागणार आहे आणि व्यापारी प्रमाणावरचं समृद्धीकरण आपल्याकडे अजून होत नाही. अमेरिकेत वायोमिंगच्या टेरापॉवर प्रकल्पाला याच कारणाने किमान दोन वर्षांचा उशीर जाहीर करावा लागला, कारण त्यांना हवं तसं इंधन विकणारा एकच देश होता, रशिया.

दुसरी अट पाण्याची. जुन्या औष्णिक केंद्रांच्या जागी छोट्या भट्ट्या बसवाव्यात, अशी सूचना वरचेवर होते. जमीन, वीजवाहिन्या, मनुष्यबळ सगळं आयतं मिळतं. पण परळीचं औष्णिक केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. अणुभट्टी तर कोळशाच्या केंद्रापेक्षा दर युनिटमागे थोडं जास्तच पाणी पिते. शीतमनोरे वापरले तर दोनशे मेगावॉटला रोजचं सव्वा कोटी लिटरच्या घरात. मराठवाड्यात एवढं पाणी मागताना भट्टी लहान आहे हे कारण कोण ऐकून घेणार?

कायद्याचा अडसर बराच दूर झाला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ‘शांती’ कायद्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्व कायदा मोडीत काढले, खासगी कंपन्यांना दार उघडलं. मात्र भरपाईची चालकावरची मर्यादा आता भट्टीच्या आकारावर ठरते: सर्वांत मोठ्या भट्टीला ३,००० कोटी, सर्वांत छोटीला अवघे १०० कोटी. लहान भट्टीत धोका कमी, हे तर्काला धरून आहे. पण लहान भट्ट्या कारखान्यांच्या, वस्त्यांच्या जवळ आणायच्या आणि त्याच वेळी भरपाईची रक्कम खाली आणायची, हे मला पटत नाही. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी वर्षानुवर्षं कोर्टात चालल्या. पुढच्या जागी लोक हा हिशेब आधी मांडतील.

कारखान्यांची बाजू तेवढी कच्ची नाही. वालचंदनगर, हजिरा इथे अणुभट्ट्यांची अवजड सामग्री घडत आली आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने होल्टेक कंपनीला लार्सन अँड टुब्रो, टाटा कन्सल्टिंग इंजिनियर्स आणि स्वतःच्याच पुण्यातल्या कंपनीला तंत्रज्ञान देण्याची परवानगी दिली. पण नव्या साच्यांत, नव्या यंत्रांत पैसा घालायला कारखानदाराला हातात ऑर्डर लागते, एकीची नव्हे, दहांची.

ती ऑर्डर कोण देणार, याची चाचपणी अणुवीज महामंडळाने २०२४ च्या अखेरीस केली. जुन्याच २२० मेगावॉटच्या, कैगासारख्या भट्टीसाठी खासगी उद्योगांकडून प्रस्ताव मागवले. जमीन, पाणी, भांडवल उद्योगाने द्यायचं, भट्टी महामंडळाने चालवायची, वीज उद्योगाने वापरायची. पोलाद-सिमेंटच्या कारखान्यांना चोवीस तास स्वच्छ वीज हवीच आहे, तंत्रज्ञान पन्नास वर्षं तावूनसुलाखून निघालेलं आहे. तरीही प्रस्ताव देण्याची मुदत एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा वाढवावी लागली.