नवी गाय गोठ्यात आणताना



बाजारात धार काढून पाहिलेली चांगली दुभती गाय घरी येताच दूध कमी देते, गव्हाणीपासून दूर उभी राहते. मग कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी म्हणतो विकणाऱ्याने फसविले. पुष्कळदा खरे कारण गोठ्यातच असते.

गुरांमध्येही मानपान असतो. आधी कोणी खायचे, बाजूला कोणी सरायचे, हे एकत्र राहणाऱ्या गुरांत ठरलेले असते. मोठ्या गाईने नुसती मान वळवली तरी धाकटी वाट देते. नवे जनावर आले की ही घडी विसकटते आणि पुन्हा बसेपर्यंत ढुशा व रेटारेटी चालते.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने मोकळ्या गोठ्यातील गाई अनोळखी कळपात सोडून पाहिल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्या दिवशी या गाई गव्हाणीवरून सुमारे अडीच पट अधिक वेळा हुसकल्या गेल्या. त्यांची बसून विश्रांती कमी झाली आणि सरासरी दूध ४३.४ किलोवरून ३९.७ किलोवर आले. आपल्या गाई एवढे दूध देत नाहीत, पण स्वभाव तोच.

तेव्हा पुढील काळजी घ्यावी :

१. नवे जनावर प्रथम तीन-चार आठवडे वेगळे बांधावे. रोग असल्यास तो लक्षात येतो व इतरांना लागत नाही.

२. नंतर दावणीच्या टोकाला, शांत गाईशेजारी, शिंग पोहोचणार नाही इतक्या अंतरावर बांधावे.

३. मोकळे सोडायचे असल्यास जागा ऐसपैस असावी. वैरण व पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे, म्हणजे दबलेले जनावर उपाशी राहत नाही.

४. कालवडी एकेकटीने न सोडता जोडीने सोडाव्यात.

५. गाय विण्याच्या सुमारास जागा किंवा सोबत बदलू नये. गाभण गाईला पोटात ढुशी बसणे धोक्याचे असते.

६. गुरांची वारंवार अदलाबदल करू नये.

भांडणाऱ्या गुरांना काठीने मारू नका. त्याने ती अधिकच बिथरतात. बहुधा आठवडाभरात गोठा शांत होतो. मात्र गाय चारा सोडून बसली, तिला ताप आला किंवा जखम झाली, तर ‘रुळेल हळूहळू’ म्हणून थांबू नका. पशुवैद्यांना लगेच बोलवा.