नित्याचे विज्ञान : चढावरचा पहारा

घाटात पुढील मालमोटार अकस्मात थांबली, की मागील मोटारसायकलस्वाराची परीक्षा सुरू होते. कारण 10 फुटांत 1 फूट चढणाऱ्या रस्त्यावर स्वारासह 200 किलो भरणारे वाहन सुमारे 20 किलो भाराइतक्या जोराने मागे ओढले जाते. पुढील ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर ही दोन्ही कामे उजव्या हाताकडेच असल्यामुळे, वाहन रोखण्याचा अंमल उजव्या पायाखालील मागील ब्रेकच्या हवाली करणे इष्ट.

मग अ‍ॅक्सिलरेटर किंचित वाढवून क्लच हळूहळू सोडावा. त्याच्या तबकड्या परस्परांवर घसरत असल्यामुळे चाक स्थिर असूनही इंजिन फिरत राहते, बंद पडत नाही. आणि बदलीचा शिपाई रुजू होईपर्यंत जुना पहारेकरी जागा सोडीत नाही, तद्वत इंजिनाचा आवाज जडावून वाहन पुढे रेटू लागेपर्यंत ब्रेक सोडू नये.