परक्या रस्त्यावरची दुकाने

अल्प श्रमात द्रव्यप्राप्ती करून देणाऱ्या मार्गांचा गवगवा प्रत्येक काळात होतच असतो. कधी तो शेअरबाजाराचा असतो, तर कधी साखळी पद्धतीने माल खपविण्याच्या योजनांचा. गेल्या दोन दशकांत या मालिकेत आणखी एका मार्गाची भर पडली आहे. एखादा अगदी अरुंद विषय निवडावा. घरगुती पिठाची गिरणी, पाठदुखीवरच्या गाद्या, मत्स्यपेटीतील पंप, काहीही चालते. त्या विषयावर वीस-पंचवीस लेखांची एक छोटी वेबसाइट उभारावी, लेखांत विक्रेत्याच्या दुकानाकडे नेणाऱ्या लिंक पेरून ठेवाव्यात आणि वाचकाने तेथे जाऊन काही विकत घेतले की आपले कमिशन मोजून घ्यावे. या व्यवहाराला अॅफिलिएट मार्केटिंग असे नाव आहे. एकदा मांडणी झाली की झोपेतही पैसे जमा होत राहतात, हे त्याचे मोठे आकर्षण होय. नोकरीच्या प्रतीक्षेतील पदवीधर, तासिका तत्त्वावर राबणारे अध्यापक आणि महिनाअखेरीस ओढाताण सोसणारे कारकून यांना त्याचा मोह पडला तर त्यात नवल नाही. त्यांच्यापाशी भांडवल नसते, परंतु लिहिण्याचे कसब असते. आणि हा धंदा नेमके तेवढेच मागतो, असे त्यांना सांगितले जाते. हे सांगणे कितपत खरे आहे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

जुनाच व्यवहार, नवे रूप

मुळात या व्यवहारात अपूर्व असे काही नाही. ग्राहक आणून द्यावा व त्याबद्दल हिस्सा घ्यावा, ही रीत बाजाराइतकीच जुनी आहे. विमा प्रतिनिधी आणि मार्केट यार्डातील अडत्या त्यावरच जगतात. इंटरनेटवर ही रीत आणली ती प्रथम अमेरिकेतील काही मोजक्या दुकानांनी. सीडीनाऊ या संगीत विकणाऱ्या कंपनीने १९९४ मध्ये अशी योजना सुरू केली. आणि जुलै १९९६ मध्ये, पुस्तकविक्री सुरू करून जेमतेम वर्ष झाले असताना, अॅमेझॉनने ती सर्वांना खुली केली. बागकामावर लिहिणाऱ्याने बागकामाच्या पुस्तकाची शिफारस करावी आणि पुस्तक खपले की दुकानाने त्याला वाटा द्यावा, अशी ती कल्पना होती. ती निर्मळ होती आणि उपयुक्तही होती. २००३ मध्ये गूगलने अॅडसेन्स ही योजना आणली. तिच्यामुळे लेखाशेजारी त्या विषयाच्या जाहिराती आपोआप येऊ लागल्या व लहान लेखकालाही उत्पन्नाचा दुसरा मार्ग मिळाला.

व्यवहाराची यंत्रणा साधी आहे. लिंकमध्ये लेखकाची खूण असते. वाचकाने ती उघडताच त्याच्या संगणकावर एक नोंद होते. अॅमेझॉनच्या बाबतीत या नोंदीचे आयुष्य सामान्यतः चोवीस तासांचे असते. त्या मुदतीत वाचकाने काही घेतले तर हिस्सा मिळतो. तो दोन दिवस विचार करून पुन्हा स्वतःहून दुकानात गेला, तर लेखकाचे श्रम वाया जातात. अटी दुकानदाराने घातलेल्या असतात आणि त्या बदलण्याचा अधिकारही त्याचाच असतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सुरक्षारक्षकांची वेबसाइट

या धंद्याचा एक बोधप्रद नमुना म्हणून कॅलिफोर्नियातील पॅट फ्लिन यांचे उदाहरण पाहता येईल. २००८ च्या मंदीत वास्तुरचनेच्या कंपनीतील त्यांची नोकरी गेली. त्याआधी त्यांनी पर्यावरणपूरक इमारतींविषयीच्या एका व्यावसायिक परीक्षेचा अभ्यास करताना स्वतःच्या टिपणांसाठी एक वेबसाइट केली होती. ती टिपणे इतर परीक्षार्थी वाचत आहेत हे उमगल्यावर त्यांनी त्यांचे अभ्यासपुस्तक करून विक्रीस ठेवले आणि पहिल्याच महिन्यात सात हजार डॉलरांहून अधिक मिळविले. येथवरची कथा ही जाणत्या माणसाने आपले ज्ञान विकल्याची कथा आहे. कोणत्याही शिक्षकाला ती परकी वाटू नये.

पुढचा अध्याय वेगळा आहे. २०१० मध्ये फ्लिन यांनी दुसऱ्या एका व्यावसायिकाशी जाहीर पैज लावून शून्यातून छोटी वेबसाइट उभारण्याचा प्रयोग केला. त्यासाठी त्यांनी सुरक्षारक्षकांचे प्रशिक्षण हा विषय घेतला. तो त्यांच्या पेशातून आलेला नव्हता. शोधयंत्रावर लोक किती वेळा काय विचारतात आणि त्या प्रश्नाला उत्तर देणारे प्रतिस्पर्धी किती दुबळे आहेत, हे आकडे पाहून तो निवडलेला होता. अडीच महिन्यांच्या आत ती वेबसाइट गूगलच्या यादीत पहिली आली आणि जाहिरातींतून उत्पन्न सुरू झाले. तिच्यावरची माहिती निरुपयोगी होती असे मुळीच नव्हे. तथापि विषय आधी जाणावा व मग लिहावे, हा क्रम येथे उलटला होता. बाजारातील फट आधी शोधावी आणि ज्ञान मागाहून गोळा करावे, ही या धंद्याची शिकवण बनली. हजारो अनुयायांनी ती उचलली. मात्र फ्लिन यांची चिकाटी आणि सचोटी त्यांच्यापैकी सर्वांपाशी होती, असे म्हणवत नाही.

कुदळ-फावडी विकणारे

याच उदाहरणातून आणखी एक गोष्ट दिसते. फ्लिन आपल्या मिळकतीचा मासिक हिशेब अनेक वर्षे प्रामाणिकपणे जाहीर करीत. त्यात मोठा हिस्सा असे तो वेबसाइटला जागा भाड्याने देणाऱ्या एका कंपनीच्या कमिशनचा. याचा अर्थ असा की, वेबसाइट काढून पैसे कसे मिळवावेत हे शिकू पाहणाऱ्या वाचकांनी जी जागा भाड्याने घेतली, तिची ती दलाली होती. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची दवंडी सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर पिटणारा सॅम्युएल ब्रॅनन हा स्वतः खाणीत उतरला नव्हता. खाणकामाचे साहित्य विकणारे त्याचे दुकान होते आणि तो धनाढ्य झाला तो त्या विक्रीवर. आज दूरस्थ कमाईचे वर्ग चालविणारे, तयार वेबसाइट विकणारे आणि त्यासाठीची साधने भाड्याने देणारे अनेकजण याच परंपरेतले आहेत. सोने कोठे आहे हे ज्याला खरोखर ठाऊक आहे, तो त्याचा नकाशा स्वस्तात का विकतो, हा प्रश्न शुल्क भरण्यापूर्वी विचारलेला बरा.

खाणीतल्या मजुरीचा हिशेबही करून पाहावा. समजा, एखाद्या वेबसाइटला महिन्याला दहा हजार वाचक मिळाले. दहांतील एकाने लिंक उघडली, तर हजार जण दुकानात पोचतात. त्यांपैकी शंभरात तिघांनी खरेदी केली, तर तीस वस्तू खपतात. प्रत्येक वस्तू सरासरी १,५०० रुपयांची आणि कमिशन चार टक्के धरले, तर मासिक प्राप्ती १,८०० रुपये होते. अठरा हजार हवे असतील तर वाचक एक लाख हवेत. नव्या वेबसाइटला दहा हजार वाचकांपर्यंत पोचण्यास पुष्कळदा वर्ष लागते आणि बहुतेकांचा धीर तत्पूर्वीच सुटतो. येथे झोपेत मिळणारा पैसा असलाच, तर तो अनेक जागलेल्या रात्रींची उशिरा मिळालेली मजुरी असतो.

जमीन कोणाची?

परंतु श्रम मोठे आणि मोबदला थोडा, ही या धंद्यातील खरी अडचण नव्हे. पुष्कळ सन्मान्य व्यवसायांची तीच स्थिती आहे. खरी अडचण मालकीची आहे. लेखकाचे दुकान त्याचे असते, पण त्याच्या दारापर्यंत येणारा रस्ता परक्याचा असतो. तो शोधयंत्राच्या मालकीचा आणि कमिशनचा दर विक्रेत्याच्या मर्जीचा. हे दोघे जे ठरवतील ते मुकाट्याने मान्य करणे, एवढेच लेखकाच्या हाती उरते. कूळकायद्यापूर्वीच्या कुळाची आठवण व्हावी, अशी ही अवस्था आहे.

याचे प्रत्यंतर वारंवार आले. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने निःसत्त्व मजकूर मागे सारण्यासाठी पांडा नावाचा बदल केला आणि अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांचे निकाल एका फटक्यात हलले. एप्रिल २०१२ मधील पेंग्विन या बदलाने कृत्रिमरीत्या मिळविलेल्या लिंकांचा डोलारा पाडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, लोक जे शब्द शोधतात तेच वेबसाइटचे नाव ठेवून वर चढण्याची युक्तीही निकामी झाली. हे सर्व बदल अन्याय्य होते असे म्हणता येणार नाही. किंबहुना ज्यांनी वाचकांसाठी न लिहिता यंत्रासाठी लिहिले, त्यांना यंत्रानेच दंड केला, हे न्यायाला धरूनच झाले. एप्रिल २०२० मध्ये मात्र वेगळेच घडले. महासाथीने जग घरात कोंडले असताना अॅमेझॉनने अमेरिकेतील कमिशनचे दर उतरविले. फर्निचर व गृहसुधारणेच्या वस्तूंवरील दर आठ टक्क्यांवरून तीनवर आला आणि किराण्यावरील पाचवरून एकवर. वाचक तेच आणि श्रमही तेच असताना अनेकांची मिळकत निम्म्याहून खाली गेली. तिच्याविरुद्ध दाद मागण्याची सोय कोठेच नव्हती.

सप्टेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मधील बदलांनंतर तर प्रामाणिक लेखकांनीही तक्रार सुरू केली. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांची स्वतः चाचणी घेऊन परीक्षणे लिहिणाऱ्या हाउसफ्रेश या छोट्या वेबसाइटने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपली कैफियत मांडली. यंत्राला हातही न लावता शिफारसी छापणारी मोठी प्रकाशने केवळ नावाच्या बळावर वर येतात आणि खरे काम करणारे तळाशी जातात, असे तिचे म्हणणे होते. मोठ्या प्रकाशनांची प्रतिष्ठा अशा रीतीने भाड्याने लावण्याविरुद्ध गूगलने त्याच वर्षी नियम केले, यावरून तक्रारीत तथ्य होते असे दिसते. मे २०२४ पासून अमेरिकेत आणि ऑगस्टपासून भारतातही शोधाच्या निकालांच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेला सारांश येऊ लागला. ज्याला उत्तर रस्त्यावरच मिळाले, तो दुकानात कशाला येईल? शिवाय ते उत्तर दुकानांतल्याच मालातून बनविलेले असते.

सल्ला की दलाली?

तथापि सर्व दोष मोठ्या कंपन्यांच्या माथी मारून लेखकवर्गाला निर्दोष ठरविणे योग्य होणार नाही. या धंद्याने वाचकाचाही विश्वासघात पुष्कळ केला आहे. विमा प्रतिनिधी दारात उभा राहतो तेव्हा तो कमिशनसाठी आला आहे, हे घरातल्या लहान मुलालाही कळते. अडत्याला यार्डात अडत्या म्हणूनच ओळखतात. परंतु 'दहा सर्वोत्तम मिक्सर' असा लेख लिहिणारा तटस्थ परीक्षकाचा वेष घेऊन येतो. दहांपैकी एकही मिक्सर त्याने चालवून पाहिलेला नसतो. आणि पहिला क्रमांक कोणाला, हे वस्तूच्या गुणावर ठरते की कमिशनच्या दरावर, हे वाचकास कळण्याचा मार्ग नसतो. दलाली करणे हे पाप नाही. ती लपविणे ही फसवणूक होय.

आपल्याकडे याबाबत कायद्याचा आधार आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी आर्थिक संबंध असेल तर तो उघड केला पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे. कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कमिशन आणि सचोटी एकत्र नांदू शकतात, याला कायद्याहून चांगला दाखला अनुभवाचा आहे. २०११ मध्ये ब्रायन लॅम यांनी सुरू केलेली वायरकटर ही वेबसाइट याच कमिशनवर चालली. ती वस्तूंची कसून चाचणी घेई आणि आपले उत्पन्न कोठून येते हे वाचकांना सांगे. २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ती सुमारे तीन कोटी डॉलरांना विकत घेतली. विकली गेली ती वाचकांच्या मनातील पत.

काय उरते?

मग मराठी विद्यार्थ्याने वा शिक्षकाने या वाटेला जाऊच नये काय? असा निषेध करण्याचे कारण नाही. स्वतःची वेबसाइट नेटकी उभारणे हे आज अक्षरओळखीसारखे कौशल्य आहे आणि त्याला खर्चही फारसा येत नाही. परंतु आरंभ आकड्यांपासून न करता जाणकारीपासून करावा. ज्याने कोकणात दहा पावसाळे छपराची गळती काढली, त्याने त्यावर लिहावे. ज्याने प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक हाताळले, त्याने विद्यार्थ्यांसाठी कोणते घ्यावेत ते सांगावे. कमिशन घ्यावे आणि घेतो असे पहिल्याच ओळीत लिहावे. कर्ज काढून वा नोकरी सोडून या धंद्यात पडू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नाव लक्षात ठेवून थेट येणारा वाचक मिळवावा. कारण रस्त्याचा मालक त्याला हिरावून घेऊ शकत नाही.

व्यक्तीने एवढे केले तरी सार्वजनिक प्रश्न उरतोच. रस्ता एकाच्याच मालकीचा असणे समाजाला परवडणारे नाही. युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये वस्तूंच्या शोधात स्वतःला झुकते माप दिल्याबद्दल गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला. भारताच्या स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने ही कंपनी शोधक्षेत्रात बेकायदा मक्तेदारी राखते, असा निर्णय दिला. हे दंड अशा कंपनीला जड नाहीत. परंतु रस्त्यालाही नियम असतात, हे तत्त्व त्यांतून प्रस्थापित झाले. या नियमांची गरज केवळ चार कमिशनवाल्यांच्या पोटासाठी नाही. अनुभवाने लिहिणारी माणसे उपाशी राहून लिहिणे सोडतील, तर सारांश करणारी यंत्रे सारांश तरी कशाचा करणार? विहिरीत झरा नसेल, तर पोहरा कितीही मोठा असून उपयोग होत नाही.