ड्रायर फिरत नाही

उन्हाळ्यात वाशीममध्ये वॉशिंग मशीनचा ड्रायर बंद पडला, तरी घरात कोणी फारसं मनावर घेत नाही. गच्चीवर टाकलेली चादर चहा होईस्तोवर वाळते. तक्रारी सुरू होतात त्या आषाढ-श्रावणात. सोयाबीनची पेरणी आटोपलेली असते, आभाळ उघडायचं नाव घेत नाही, शाळेचे गणवेश दोरीवर दुसऱ्या दिवशीही ओलेच. मग पाटणी चौकापासून पार रिसोड-मालेगावपर्यंत मेकॅनिकांचे फोन वाजू लागतात, "भाऊ, मशीन कपडे धुते, पण ड्रायर फिरून नाई रायला."

अशाच एका पावसाळ्यात वाशीमच्या एका मेकॅनिकसोबत मी घरोघर फिरलो. इकडे बहुतेक घरांत सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दोन टबांचं मशीन. एकात धुवायचं, दुसऱ्यात, म्हणजे ड्रायरमध्ये, पिळायचं. नळाला रोज पाणी नसलं तरी अडत नाही. बादलीनं ओतता येतं, आणि साबणाचं तेच पाणी दुसऱ्या खेपेला चालतं. दोन टबांना दोन स्वतंत्र मोटरी असतात, म्हणून एक बाजू ठणठणीत आणि दुसरी मुकी असा प्रकार होतो.

पहिल्या घरातल्या काकूंनी निदान आधीच करून ठेवलं होतं. "मोटर जयली वाटते जी."

"जयली असती तं वास आला असता, काकू," तो म्हणाला. त्यानं झाकण लावलं, टायमर फिरवला आणि कान दिला. टायमर टिकटिकत होता, पण त्यावर त्याचा भरवसा नव्हता. हा टायमर स्प्रिंगवर चालतो. प्लग काढून ठेवला तरी तो टिकटिकतोच. त्याला ऐकायचा होता मोटरचा आवाज. मोटर घुमत असेल तर वीज तिच्यापर्यंत पोचते आहे. अजिबात आवाज नसेल तर वीज वाटेत कुठंतरी अडली आहे. पुढची सगळी दिशा इथंच ठरते.

इथं आवाज नव्हता. त्यानं प्लग उपसून बाजूला ठेवला. नुसतं बटण बंद करून भागत नाही; जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर बसवलेलं असतं आणि बंद बटणातही मशीनमध्ये करंट राहतो. मग मागचे स्क्रू काढून वरचं पॅनेल उचललं. झाकणाच्या बिजागरीपाशी पितळी पट्ट्यांचा एक छोटा स्विच असतो. झाकण मिटलं की पट्ट्या जुळतात, उघडलं की सुटतात. पट्ट्यांवर हिरवट गंज आणि मुंग्यांचा भुगा होता. पॉलिश पेपरचे चार हात मारले, पट्टी नखानं किंचित वाकवली, आणि ड्रायर घरघरत सुरू झाला.

या स्विचवर माझं जरा जास्तच लक्ष गेलं, कारण खरी गोम तिथंच आहे. ड्रायरचा टब मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे घेतो. आतल्या कपड्यांवर त्यांच्या वजनाच्या दोनशे पटींहून जास्त जोर येतो. पाणी भोकांतून बाहेर पडतं ते त्यामुळे. अशा टबात ओल्या ओढणीचं टोक आणि पोराचा हात एकदम गेला तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून झाकण उचलताच दोन गोष्टी घडतात. स्विच वीज तोडतो, आणि झाकणाला बांधलेली ब्रेक वायर सैल पडून खालचा ब्रेक मोटरवरचा ड्रम पकडतो.

अमेरिकेतल्या काही घरांत गॅसवर कपडे सुकवणारा ड्रायर असतो, त्याचीही सुरक्षेची रचना फार निराळी नाही. तो सुरूच होत नसेल तर गॅसवर संशय घेण्यात अर्थ नसतो. गॅस फक्त हवा तापवतो, पिंप फिरवते ती विजेची मोटर, आणि पिंप फिरल्याशिवाय गॅसची झडप उघडत नाही. तिथला कारागीरही आधी दाराचा स्विच बघतो, मग जास्त तापल्यावर उडणारा फ्यूज. न चालणारं यंत्र पुष्कळदा बिघडलेलं नसतंच, त्याच्या राखणदारानं त्याला अडवलेलं असतं.

आणि आपल्याकडे राखणदारालाच हाकलतात. "डायरेक्ट करून देतो" हे वाक्य ज्यांनी ऐकलं आहे त्यांना कळेल. स्विचच्या दोन वायरी एकमेकींना पिळून टेप मारायचा, काम खलास. आता झाकण उघडं असलं तरी मोटरला वीज जाते. पण ब्रेक तर झाकण उघडताच पकडतो! मग मोटर ब्रेकविरुद्ध ओढत बसते, तापते, आणि थोड्या दिवसांत खरोखरच जळते. सर्वांत स्वस्त दुरुस्ती सर्वांत महागात पडते ती अशी. आमच्या मेकॅनिकनं एका घरी असा डायरेक्ट केलेला जोड सापडताच आधी तो तोडला, मगच पुढचं बोलला.

दुसऱ्या एका घरी मोटर घुमत होती, फिरत नव्हती. आधी ब्रेक वायर ओढून धरून टब हातानं फिरवून पाहिला. मोकळा फिरला, म्हणजे ब्रेक सुटतो आहे आणि टबाखाली रुमाल-मोजा अडकलेला नाही. मग राहिला कपॅसिटर. घरातल्या सिंगल फेज विजेवर अशी मोटर आपणहून हलत नाही, कारण तिच्यातलं चुंबकीय बळ नुसतं मागं-पुढं होत राहतं, कोणत्या बाजूला फिरायचं ते ठरत नाही. कपॅसिटर दुसऱ्या वायंडिंगमधला प्रवाह थोडा पुढं सरकवतो आणि दिशा मिळते. ड्रायरच्या बाजूला बहुधा चार-पाच मायक्रोफॅरडचा लागतो, धुण्याच्या बाजूला त्याहून मोठा. जुना काढण्याआधी त्यानं त्याची टोकं बल्बला लावून साठलेला करंट उतरवला, मगच हात लावला.

उंदरांनी कुरतडलेल्या वायरी तर दर दोन-तीन घरांआड. मशीनचा तळ उघडा असतो, आत ऊबही असते. त्यानं त्या जोडल्या, वर टेप चढवला, खाली जाळी लावायला सांगितलं आणि निघाला.

मंगरूळपीरकडच्या एका खेड्यातून फोन आला तेव्हा त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "कवा लावता मशीन?" संध्याकाळी, असं उत्तर आलं. तो म्हणाला, सकाळी लावून पाहा, मग सांगा. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं. २३० ऐवजी १७० मिळालं तर मोटरचा सुरुवातीचा जोर चौथाईनं घटेल असं वाटतं, पण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणजे जवळपास निम्मा होतो. ओल्या जीन्सनी भरलेला टब तेवढ्या जोरानं हलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा ड्रायर फिरला. या निदानाचे पैसे त्याला अर्थातच मिळाले नाहीत.

पैशांचा घोळ एरवीही होतो. कपॅसिटर बदलला की तो जुना काढून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. वस्तू दिसली की कुणी कुरकुरत नाही. पॉलिश पेपर मारलेल्या स्विचचं दाखवायला काहीच नसतं. पहिल्या घरी त्यानं दोनशे मागितले तेव्हा काकू म्हणाल्या, "कायले? नवं तं काहीच टाकलं नाई तुमी." त्यानं नव्या मोटरची किंमत सांगितली. काकूंनी दीडशे काढून दिले. त्यानं ते खिशात घातले, पान्यांची पिशवी गाडीला अडकवली आणि पुढच्या गल्लीचा पत्ता विचारला.