श्रवणयंत्र आणि त्याचे मोल

दृष्टी गेलेल्या मनुष्याचे दुःख पाहणाऱ्यास तत्काळ कळते व त्याचा हात धरावयास दहा जण पुढे होतात. बहिरेपणाचे तसे नाही. हे व्यंग डोळ्यांस दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याची कीव येण्याऐवजी पुष्कळदा चीडच येते. घरातील वृद्धास एकच गोष्ट तीनदा सांगावी लागली म्हणजे आपण त्रासतो. वर्गात मागील बाकावरील मुलगा विचारलेल्या प्रश्नाचे भलतेच उत्तर देतो, तेव्हा सोबती हसतात आणि शिक्षक त्यास मंदबुद्धी ठरवून मोकळे होतात. मंद त्याची बुद्धी नसून त्याचा कान आहे, ही गोष्ट कधी कधी वर्षानुवर्षे कोणाच्याच ध्यानी येत नाही. यास्तव बहिरेपण का येते, त्यावर उपाय कोणता, आणि तो सामान्य कुटुंबास परवडावा कसा, ह्याचा थोडा विचार येथे योजिला आहे.

प्रथम कानाची रचना पाहू. ध्वनीच्या लहरी कानाच्या नळीतून आत शिरून पडद्यावर आदळतात. पडद्यामागे हातोडी, ऐरण व रिकीब यांच्या आकाराची तीन चिमुकली हाडे असून ती हे कंपन आतील शंखाकडे पोहोचवितात. हा शंख गोगलगायीच्या कवचासारखा वेटोळा असतो व त्यात द्रव भरलेला असतो. त्यातील सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी कंपनाचे रूपांतर संदेशात करून तो मज्जातंतूच्या द्वारे मेंदूकडे धाडतात. नळीत मळ दाटला, पडद्यास भोक पडले किंवा कान वाहू लागला, तर औषधाने अथवा शस्त्रक्रियेने पुष्कळ वेळा गुण येतो. परंतु आतील केशपेशी एकदा नाश पावल्या की मनुष्याच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. वार्धक्य, गोवर, गालफुगी व मेंदूज्वर यांसारखे रोग, काही तीव्र औषधे आणि मोठा आवाज ही आतील कान बिघडण्याची प्रमुख कारणे होत.

मोठ्या आवाजाची गोष्ट आम्हां कुर्डुवाडीकरांस विशेष जवळची आहे. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी येथून बार्शीस धावू लागली, व पुढे रेल्वेचा कारखानाही येथे उभा राहिला. लोखंडावर लोखंड आदळत असता कानाचे काय होते, हे ग्लासगो शहरातील कर्णरोगतज्ज्ञ थॉमस बार यांनी १८८६ सालीच दाखविले होते. बॉयलर बांधणाऱ्या १०० कामगारांचे कान त्यांनी तपासले. त्यांपैकी एकाचेही ऐकणे निर्दोष आढळले नाही. आज आपल्या देशात कारखान्यातील आवाजास आठ तासांच्या पाळीकरिता ९० डेसिबल ही मर्यादा ठरलेली आहे. तथापि मिरवणुकीतील भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकास व तरुणांच्या कानातील इयरफोनास पाळी कोण लावणार? जगातील १०० कोटींहून अधिक तरुण केवळ अशा ऐकण्यामुळे आपली श्रवणशक्ती धोक्यात घालीत आहेत, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला आहे.

ह्याच संघटनेच्या २०२१ सालच्या अहवालानुसार जगात सुमारे ४३ कोटी माणसांचे बहिरेपण उपचाराची व साहाय्याची गरज पडण्याइतके असून त्यांत ३ कोटी ४० लाख मुले आहेत. त्यांतील शेकडा ८० लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. ज्यांस श्रवणयंत्राचा लाभ होईल अशा शंभर जणांपैकी प्रत्यक्ष ते वापरणारे अवघे १७ होत. उरलेल्या ८३ जणांचे यंत्रावाचून का अडते, हाच खरा प्रश्न आहे.

ज्याला आपण कानाचे मशीन म्हणतो, त्यात तीन मुख्य भाग असतात: आवाज टिपणारा, तो वाढविणारा व तो कानात सोडणारा. पूर्वी ही यंत्रे अवजड असत. १९५० नंतरच्या दशकात ट्रान्झिस्टर आल्यावर ती लहान झाली, आणि आता त्यांत सूक्ष्म संगणकच बसविलेला असतो. परंतु बाजारातून आणावे व कानात घालावे, इतके हे काम सोपे नाही. कोणत्या कानास कोणता स्वर किती कमी ऐकू येतो हे आधी मोजावे लागते; कानाच्या मापाचा साचा घ्यावा लागतो; यंत्र जुळवून घ्यावे लागते; सेल वारंवार बदलावे लागतात. एवढे झाले नाही, तर भारी किमतीचे यंत्रही डबीत पडून राहते.

आता किमतीकडे वळू. अमेरिकेसारख्या संपन्न देशात २०१३ साली यंत्रांच्या एका जोडीस, तपासणी व जुळवणीसह, सरासरी सुमारे ४,७०० डॉलर पडत. तेथील वृद्धांसाठी असलेल्या मेडिकेअर ह्या सरकारी विम्याच्या मूळ योजनेतून ह्यास साहाय्य मिळत नाही. अखेर १७ ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य व मध्यम बहिरेपण असलेल्या प्रौढांस चिठ्ठीवाचून दुकानातून यंत्र घेण्याची मोकळीक देण्यात आली. उलट ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू होताच 'मेड्रेस्को' नावाचे यंत्र रुग्णांस विनामूल्य मिळू लागले, व तेथील सरकारी सेवेतून आजही यंत्र विनामूल्य मिळते. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून ठरावीक वर्गातील यंत्रांचा संपूर्ण खर्च विम्यातून भागतो. ह्यावरून असे दिसते की, देश श्रीमंत असला म्हणजे यंत्र स्वस्त होते असे नव्हे. जगातील बहुतेक यंत्रे पाचच मोठ्या कंपन्या बनवितात. अशा बाजारात एकटा ग्राहक सांगितलेला भाव देतो, परंतु सर्व समाजाच्या वतीने एकत्र खरेदी करणारे सरकार भाव ठरवू शकते.

आपल्या देशात ह्या दिशेने काही पावले पडली आहेत. १९८१ पासून चालत आलेल्या 'एडिप' योजनेखाली ठरावीक उत्पन्नाच्या आतील दिव्यांगांस श्रवणयंत्र विनामूल्य अथवा अर्ध्या किमतीत मिळते. श्रवणयंत्रावर वस्तू व सेवा कर नाही. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग संस्था तपासणी, यंत्रे व तज्ज्ञांचे शिक्षण ही तिन्ही कामे करते. बालकांची शाळेत व अंगणवाडीत तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे, सुरू झाला. जन्मतः बहिऱ्या बालकास अगदी लहान वयात कानाच्या शंखात बसवावयाचे लाखो रुपयांचे यंत्रही सरकारी साहाय्याने मिळू शकते.

तथापि सोलापूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथून सुमारे ८० किलोमीटर दूर आहे. तपासणीस एक खेप, साच्यास दुसरी, जुळवणीस तिसरी; प्रत्येक खेपेस मजुराचा एका दिवसाचा रोज बुडतो, आणि यंत्र फुकट मिळाले तरी सेल विकतच घ्यावे लागतात. म्हणून यंत्राची किंमत केवळ दुकानातील चिठ्ठीवर लिहिलेली नसते. तपासणी व दुरुस्ती गावाजवळ आली, तरच ते खरोखर स्वस्त झाले असे म्हणता येईल, आणि तशी मागणी करणे हे नागरिकांचे काम आहे.

पालकहो, तोपर्यंत आपल्या हाती जे आहे ते मात्र विनाखर्चाचे आहे. बालक हाकेस वळून पाहत नसेल, वर्षा-दीड वर्षात शब्द बोलत नसेल, किंवा शाळकरी मूल वारंवार 'काय?' म्हणत असेल, तर 'मोठेपणी सुधारेल' म्हणून थांबू नये. भाषा शिकण्याची वर्षे थोडी असतात व ती परत येत नाहीत. वाहत्या कानात तेल ओतू नये. काडी व पिन कानात कधीही घालू नये. गोवर व गालफुगीची लस चुकवू नये. मुलांतील बहिरेपणापैकी शेकडा ६० टाळता येण्याजोगे आहे, हे विसरू नये.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या सोबत्यास कमी ऐकू येत असेल, तर त्यास पुढील बाक द्या, त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोला, व त्याने यंत्र लावले तर त्याची थट्टा करू नका. चष्मा लावणाऱ्यास आज कोणी हसत नाही. कानाच्या यंत्रासही तीच प्रतिष्ठा मिळाली, तर लाजेपायी डबीत पडून राहणारी कितीतरी यंत्रे कानावर येतील. आणि ह्यासाठी कोणासही एक पैसा खर्चावा लागणार नाही.