बाजाराची भाषा (लेखांक ७) : भेट, पण कोणाच्या वहीत?

गेल्या लेखांकी 'पासून' आणि 'पर्यंत' या दोन शब्दांच्या आडोशाने किमती कशा उभ्या केल्या जातात, हे आपण पाहिले. 'पर्यंत' वाचताना चाणाक्ष ग्राहक निदान क्षणभर थबकतो. परंतु 'मोफत' ही अक्षरे दृष्टीस पडली की जो गृहस्थ एरवी चार दुकाने हिंडून भाव काढल्यावाचून खिशात हात घालीत नाही, तोच उपकृत पाहुण्यासारखा दुकानात शिरतो.

सणासुदीच्या तोंडावर लागणारी 'दोन साड्यांवर दोन साड्या मोफत' ही पाटी घ्या. प्रत्येक साडीवर १२०० रुपयांची चिठ्ठी असेल, तर २४०० रुपयांत चार, म्हणजे साडी ६०० रुपयांस पडली. हीच गोष्ट दुकानदारास 'सर्व साड्या निम्म्या किमतीत' अशा शब्दांतही सांगता आली असती, आणि वरवर पाहता दोहोंत काही अंतर नाही असेच कोणासही वाटेल. तथापि निम्म्या किमतीच्या पाटीखाली उभी असलेली बाई गरजेपुरती एक साडी उचलून, ६०० रुपये मोजून, घरची वाट धरू शकते. 'मोफत'च्या पाटीखाली तिला एकच साडी हवी असेल तर पुरते १२०० मोजावे लागतात, आणि औदार्याचा लाभ घ्यायचाच झाला तर एक नणंदेला, एक जावेला अशी वाटणी मनाशी करीत २४०० रुपये गल्ल्यावर ठेवावे लागतात. सवलतीचे प्रमाण तेच. किती माल घ्यावयाचा हे ठरविण्याचा अखत्यार मात्र दुकानदाराकडे गेला.

या शब्दयोजनेचे मर्म असे की, एकाच खरेदीचे वाक्यात दोन तुकडे करावयाचे आणि एकास विक्री व दुसऱ्यास दान म्हणावयाचे. गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर सदनिकेसोबत 'मॉड्युलर किचन भेट' मिळते, ती याच रीतीने. सराफाच्या जाहिरातीत 'घडणावळ माफ' असते. जणू घडणावळ हा ग्राहकाच्या हातून घडलेला काही अपराध होता! मंडईतील भाजीवाली पिशवीत वरून कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते, तेव्हा ती त्याचा उच्चारही करीत नाही.

आता हाच व्यवहार सरकारदरबारी कोणत्या भाषेत बोलतो ते पाहण्याजोगे आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने ७ मार्च २०१९ रोजी वस्तू व सेवा कराविषयी एक परिपत्रक काढले, त्याचा क्रमांक ९२. 'एकावर एक मोफत' या प्रकारात एक वस्तू विनामोबदला दिली जाते असे प्रथमदर्शनी भासले, तरी वस्तुतः तो दोन वस्तूंचा मिळून एकाच किमतीत केलेला पुरवठा होय, असा खुलासा त्यात रूक्ष शब्दांत केला आहे. खरी गंमत पुढेच आहे. कायद्याच्या कलम १७ अन्वये, व्यापाऱ्याने एखादी वस्तू खरोखरीच भेट किंवा मोफत नमुना म्हणून दिली, तर तिच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, ज्यास व्यापारी 'इनपुट क्रेडिट' म्हणतात, ती त्यास मिळत नाही. 'एकावर एक'मधील दुसऱ्या वस्तूवर मात्र ती मिळते, कारण ती भेट नव्हेच. सारांश, जी साडी दर्शनी काचेवर दान असते, तीच विवरणपत्रात विक्री असते, आणि कर-सल्लागारास विचाराल तर तिला दान म्हणणे म्हणजे वजावटीवर पाणी सोडणे होय. दुकानदार लबाड आहे असे मी म्हणत नाही. त्याची वही चोख आहे. चोख नाही ती पाटी.

'शून्य टक्के व्याजा'च्या हप्त्यांची गोष्ट निराळी नाही. क्रेडिट कार्डावरील अशा योजनांत व्याज हे प्रक्रिया-शुल्काच्या रूपाने ग्राहकाच्या माथी मारले जाते आणि शून्य व्याज अशी काही चीजच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांस स्पष्ट बजावले होते.

मग शहाणीसुरती माणसेही का भुलतात? डॅन एरिअली व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. उंची 'लिंट' चॉकलेट १५ सेंटांस आणि साधे 'हर्शी' एका सेंटास ठेवले, तेव्हा घेणाऱ्यांपैकी ७३ टक्के लोकांनी उंची चॉकलेट पत्करले. दोन्ही किमती एकेका सेंटाने उतरवून १४ आणि शून्य केल्या, तोच ६९ टक्के लोक फुकट चॉकलेटाकडे वळले. किमतींतील अंतर रतिमात्र बदलले नव्हते. फुकट वस्तूत फसगत होण्याची धास्ती नसते, आणि ही निर्धास्तीच मनुष्यास तुलना करण्यापासून परावृत्त करते, असे मला वाटते.

कायदा या बाबतीत अगदीच निद्रिस्त नाही. एकूण व्यवहाराच्या रकमेत जिची किंमत पूर्णतः वा अंशतः वसूल झाली आहे, ती वस्तू मोफत दिल्याचा आभास निर्माण करणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, ही तरतूद मक्तेदारी कायद्यात १९८४ साली आली व आज २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही कायम आहे. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तपशील भरला: बांधणी वा हाताळणीचे पैसे घेऊन वस्तूस मोफत म्हणू नये, मोफत वस्तूपायी मूळ मालाची किंमत चढवू नये वा दर्जा उतरवू नये, आणि खुलासा दाव्याच्याच भाषेत, दाव्याच्याच टंकात द्यावा. मराठीत औदार्य आणि तळाशी इंग्रजीत मुंगीच्या पावलांएवढ्या अटी, हा परिचित थाट त्यामुळे नियमबाह्य ठरतो, जरी दृष्टिआड झालेला नाही.

वाचकांस प्रचीती पाहावयाची असेल, तर एक प्रश्न बिनखर्ची आहे. 'भेट नको, तिची रक्कम किमतीतून वजा करा,' असे म्हणून पाहावे. मागणी मान्य झाली, तर ती वस्तू किमतीतच धरलेली होती. नाकारली गेली, तर तिच्यासाठी आपण काय मोजतो आहोत हे पुन्हा तपासावे. सदनिकेच्या बाबतीत एवढ्यावर थांबू नये: ते किचन, त्याच्या वर्णनासह, नोंदणीच्या करारनाम्यात उतरवून घ्यावे, आणि विक्रेता त्यास कां-कू करू लागला, तर बयाण्याची रक्कम तूर्त आपल्याजवळच ठेवावी.